स्वतःहून सांगायचं

सोमवार, ४ ऑगस्ट

मोठ्या सरांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि "बसा" म्हणाले. ते बसा म्हणाले की काहीतरी गळ्यात पडणार, हे आमच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींनाही ठाऊक आहे. पडलंच. हँडबॉलच्या मुलींना मूल्यशिक्षण शिकवायचं, आठवड्यातून तीन तास.

"सर, मी भूगोल शिकवते," मी म्हटलं.

"म्हणूनच तर. नकाशात आहे तेवढंच दाखवायचं, ही सवय असते तुम्हा लोकांना."

ही स्तुती होती की टोमणा, ते काही ठरवता आलं नाही. चहा मात्र पाजला.

कारण सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहून ठेवते. मार्चमधला अंतिम सामना आमच्या मुली हरल्या. नंतर दोन्ही संघांच्या खोल्यांमधल्या बोळात मारामारी जुंपली आणि कोणीतरी समोरच्या गोलकीपरच्या तोंडावर पाण्याने भरलेली स्टीलची बाटली घातली. पोरीचा डावा डोळा गेला. सतरा वर्षांची होती. रक्त सगळ्यांनी पाहिलं, हात कोणीच पाहिला नाही. संघटनेने आमच्या संघावर बंदी घातली. जिने मारलं ती स्वतःहून पुढे येईपर्यंत बंदी, आणि तोवर मुलींना नीतीचे धडे.

"ही शाळा खेळावर चालते, बाई," सर म्हणाले. "बंदी उठली नाही तर पुढच्या वर्षी इथे मुलं येणार नाहीत. मग तुमचा भूगोल भिंतींना शिकवा."

म्हणजे मी शाळा वाचवायची. पंचवीस वर्षं कोणी साधं 'बाई, छान शिकवता' म्हटलं नाही, आणि आता एकदम हे.

बुधवार, ६ ऑगस्ट

वर्ग मोकळा नाही म्हणून तास व्यायामशाळेला लागून असलेल्या कपडे बदलायच्या खोलीत घ्यायचा. घामाचा आणि मलमाचा वास. दोन लांब बाकं, एक उंच खिडकी, आणि भिंतभर पत्र्याचे हिरवे लॉकर. त्यांची दारं जाड आहेत आणि नीट लागत नाहीत, जोराने आपटावी लागतात. दार आपटलं की कानठळ्या बसतात. मी एक लॉकर माझ्या पर्ससाठी घेतला.

'सत्य म्हणजे काय' इथपासून सुरुवात केली. एकजण झोपली. एकजण चेंडू भिंतीवर मारत राहिली, ती डावखुरी आहे, तिला सगळ्या डावरीच म्हणतात. कप्तान तेवढी ताठ बसून ऐकत होती. उंच पोर, आवाज खालचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बाई". आणि एक मुंगी म्हणून आहे, राखीव गोलकीपर. एवढीशी. तिने माझं बोलणं शब्द न शब्द वहीत उतरवून घेतलं, मी खोकले तेव्हाही लिहीत असावी.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे खोऽ खोऽ हसले. हे वीस वर्षं पंच होते. उजव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे भांडताना मला नेहमी फिरून डाव्या बाजूला जावं लागतं.

"अगं, त्या पोरींना व्याख्या काय सांगत बसतेस? सामना सांग."

"मला कुठे माहीत आहेत सामने?"

"मला आहेत ना. विचार की कधीतरी नवऱ्याला काहीतरी."

मग त्यांनी एक सांगितला. ह्यांनी स्वतः पंच म्हणून उभं राहून पाहिलेला. शेवटचं मिनिट, बरोबरी, एका खेळाडूने उडी मारून गोल केला. ह्यांनी शिट्टी वाजवून गोल दिला. तर तो खेळाडू स्वतःच चालत आला आणि म्हणाला, पंचसाहेब, माझा पाय रेषेच्या आत पडला होता. तुम्हाला दिसलं नाही. गोल गेला, सामना गेला, आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं.

माझ्या अंगावर काटा आला. हेच हवं होतं.

"पुढचं ऐक," हे म्हणाले. "त्याच्याच संघाने त्याला बसच्या मागे नेऊन तुडवला. गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. परत खेळला नाही तो."

हे काही तासाला उपयोगी नाही. टाळ्यांपर्यंत ठीक आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

गोष्ट अशी काही रंगली की चेंडूसुद्धा थांबला. टाळ्या आल्या तेव्हा डावरी म्हणाली, "खरंच असं झालं, बाई? काय येडा माणूस!" पण डोळे चमकत होते तिचे.

मी फळ्यावर लिहिलं: शिट्टीची वाट पाहायची नाही. स्वतःहून सांगायचं. आणि सुचलं तसं जाहीर करून टाकलं की आता दर शनिवारी प्रत्येकीने उभं राहून त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. खेळातली, वसतिगृहातली, कुठलीही. शिक्षा नाही. नुसतं सांगायचं.

कोणी उठेना. शेवटी मुंगी उठली. "मी कोचची छत्री लपवली होती." सगळ्या खिदळल्या, बिचारी लाल झाली.

जाताना कप्तान थांबली. "बाई, एकीने कबूल केलं तर बाकीचा संघ सुटतो ना?"

किती नेमका प्रश्न! इतरांचा विचार करणारी मुलगी आहे. मी म्हटलं, "सुटतो. म्हणून तर कबुली ही सगळ्यांवर उपकार असते." तिने मान हलवली, अगदी मोठ्या माणसासारखी.

बुधवार, १३ ऑगस्ट

आजची गोष्ट मुष्टियोद्ध्याची. चौथ्या फेरीत समोरच्याचा हात खांद्यातून निखळलाय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने त्या बाजूने एकही ठोसा मारला नाही. हरला, पण ताठ मानेने हरला.

गोष्टीचं उरलेलं अर्धं ह्यांच्याकडे होतंच. गुरूने त्याला कपडे बदलताना सगळ्यांदेखत कानफटवलं, आणि पुढच्या लढतीत त्याने समोरच्याला पंच मध्ये पडेपर्यंत मारलं. पंच मध्ये पडल्यावरही मारलं. तो माणूस अजून चमच्याने भरवून घेतो म्हणे.

"अहो, तुमच्याकडे एखादी सरळ संपणारी गोष्ट नाही का?" मी वैतागले.

"सरळ संपलेल्या कोणी लक्षात ठेवतं का?" हे म्हणाले, आणि बहिऱ्या कानाची बाजू माझ्याकडे करून पेपर वाचायला लागले. त्यांचा हा नेहमीचा डाव आहे.

शनिवार, १६ ऑगस्ट

पाचजणी उठल्या! पाच! एकीने सरावात मुद्दाम कोपर मारल्याचं सांगितलं, दुसरीने मैत्रिणीचे बूट वापरल्याचं. एक तर सांगता सांगता रडली. आवाज कापत होता. मला वाटतं, मन मोकळं होताना असंच होत असणार.

सगळ्यांच्या बोटांना टेप आहे. हँडबॉलच्या मुली बोटांना टेप लावतातच, चेंडू लागून सांधे दुखू नयेत म्हणून. आधी जरा कमी दिसायची. सराव वाढला असेल.

मंगळवार, १९ ऑगस्ट

हे आज मला न्यायला शाळेत आले होते, सराव बघत उभे राहिले. परत येताना दोनदा मागे वळून पाहिलं.

"काय झालं?"

"टेप फार आहे. एकीचं नख काळं पडलंय आणि बोट वळत नाहीये."

"चेंडू लागला असेल."

"चेंडू वरून लागतो. हे दोन्ही बाजूंनी चेपलंय."

निवृत्त झाले तरी सगळीकडे फाउल दिसतं यांना. मी विषय बदलला.

शनिवार, २३ ऑगस्ट

आज सगळ्याजणी उठल्या. ओळीने, एकीमागून एक, अडखळत नाहीत की लाजत नाहीत. मी मोठ्या सरांना मुद्दाम दारात उभं केलं होतं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. "बाई, कमाल केलीत," म्हणाले. मी भाव खाल्ला नाही, पण पोटातून गुदगुल्या होत होत्या हे कबूल करते.

एकीचा ओठ फाटलेला. विचारलं तर म्हणाली, "पडले, बाई." इतकं चटकन म्हणाली की मी पुढे विचारलं नाही.

हे सगळं कसं जमवलं, असं कप्तानला विचारलं. "आम्ही शनिवारच्या आधी तयारी करतो, बाई. कोण काय लपवतंय ते आम्हाला माहीत असतं. आम्ही फक्त तिला आठवण करून देतो." आणि मग संकोचत, "बाई, एक शिट्टी मिळेल का? तयारीला बरी पडेल."

ह्यांची जुनी पितळी शिट्टी कपाटात पडून होती. सोमवारी देते.

बुधवार, २७ ऑगस्ट

तास संपवून बाहेर पडले आणि फाटकाजवळ लक्षात आलं की चष्मा लॉकरमध्ये राहिला. परत गेले. खोलीचं दार लोटलेलं होतं, ते वीतभर उघडलं.

सगळ्या आत होत्या. मुंगी लॉकरपुढे गुडघ्यांवर, तिचा उजवा हात लॉकरच्या चौकटीत. दोघींनी तिला खांद्यांना धरलेलं. डावरी लॉकरच्या दाराला हात लावून उभी, तिने डोळे घट्ट मिटले होते. कप्तानच्या तोंडात शिट्टी.

"कोणी मारली बाटली?"

"मला खरंच माहीत नाही गं."

शिट्टी वाजली. पत्र्याचा आवाज झाला. त्यात आणखी एक आवाज होता, बारीक. मुंगी हसली, निदान मला तसं वाटलं. तोंड पूर्ण उघडं होतं पण आवाज येत नव्हता.

"कोणी मारली?" कप्तानने पुन्हा विचारलं, तसंच हळू. "शिट्टीची वाट नको बघूस. स्वतःहून सांग."

खेळाडूंच्या आपसातल्या गमती आपल्याला काय कळणार? ह्यांच्या वेळी नवीन पंचाला थंड पाण्याच्या टाकीत बुडवायचे. मी दार ओढून घेतलं, आवाज न करता, त्यांची तयारी मोडू नये म्हणून. ओढताना कप्तानने मान वर केल्यासारखं वाटलं. नजरानजर झाली की नाही सांगता येत नाही. चष्मा नव्हता.

डावरीने दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चष्मा आणून दिला. (हे गुरुवारी लिहिते आहे, काल पूर्ण करायला जमलं नाही.)

शनिवार, ३० ऑगस्ट

झालं. बंदी उठणार.

सगळ्यांची पाळी झाल्यावर मुंगी उठली. उजवा हात मनगटापर्यंत फडक्यात. समोर बघत, पाठ केल्यासारखं म्हणाली, "मार्चमधल्या सामन्यानंतर बोळात त्या गोलकीपरला बाटली मी मारली. मी आतापर्यंत सांगितलं नाही. मी संघाची माफी मागते."

मग कप्तानने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सगळ्या उभ्या राहिल्या. अगदी ह्यांच्या गोष्टीतल्यासारखं. मीही वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डावरी एकटी बसून राहिली, बुटाची नाडी बांधत.

मोठ्या सरांनी संघटनेला तिथूनच फोन लावला. पुढच्या रविवारी, सात तारखेला, सामना. मुंगीला शाळेतून काढणार. ते वाईट वाटतं, पण तिने स्वतः निवडलं. शिक्षकाला आयुष्यात असा दिवस एकदाच दिसतो.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "मुंगी? ती राखीव गोलकीपर? ती त्या बोळात काय करत होती?"

"काय करत होती म्हणजे? कबूल केलंय तिने!"

"हो, पण तिला कोणी पाहिलं का तिथे?"

"अहो, स्वतःहून कबूल केलेल्याला कोणी साक्षीदार विचारतं का? मग त्या स्वतःहूनला अर्थ काय राहिला?"

ह्यांनी बहिरा कान माझ्याकडे केला.

मंगळवार, २ सप्टेंबर

मुंगीचे वडील तिला न्यायला आले. ट्रक चालवतात. रात्रभर चालवून आले असावेत, डोळे लाल. मुंगी पत्र्याच्या पेटीवर बसली होती, हात मांडीवर उलटा ठेवून. दोन बोटं वाकडी जुळतील असं डॉक्टर म्हणालेत. गोलकीपरची बोटं.

"बाई, तुम्हीच नीती शिकवता ना?" वडिलांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"हो."

"मार्चमध्ये ती घरी होती हो. अंगभर कांजिण्या. तिची आई रात्र रात्र कडुनिंबाचा पाला फिरवत होती अंगावरून. सामना आम्ही टीव्हीवर बघितला, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मग तिने हे कसं काय केलं, तेवढं मला समजावून सांगा."

मी मुंगीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, चला ना. मी सांगितलंय ना एकदा, चला."

संघाचा प्रवास, हजेरी, फोटो, काहीही तपासता आलं असतं. एकाने, कोणीतरी एकाने तपासायला हवं होतं. कबुली आली आणि आम्ही सगळ्यांनी वह्या मिटल्या. मीच शिकवलं तसं. पेटी ट्रकमध्ये चढवताना तिने डाव्या हाताने मला अच्छा केला.

बुधवार, ३ सप्टेंबर

मोठ्या सरांकडे गेले. कांजिण्यांचं सांगितलं.

त्यांनी पेपरवेट फिरवत ऐकलं. "तिने कबूल केलंय. तुमच्या वर्गात. तुमच्या पद्धतीने. ती खोटं बोलली असं तुम्हाला म्हणायचंय?"

"तिला बोलायला लावलं असेल."

"कोणी? तुम्ही पाहिलंत?"

पेपरवेट थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की ते खरोखर विचारत नाहीत. हे मला आज कळलं, एरवी कळलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "चष्मा नव्हता."

"मग झालं तर. रविवारी सामना आहे, बाई."

रविवारनंतर सांगता येईल. भर सामन्यात कोणी नियम बदलत नाही. संघातल्या बाकीच्या बाराजणींचंही आयुष्य आहे, आणि सांगून मुंगीची बोटं सरळ होणार आहेत का? मी विचारपूर्वक ठरवते आहे, घाबरून नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

जेवताना हे म्हणाले, "तू दारात होतीस ना गं?"

"कुठल्या दारात?"

"झोपेत बोलतेस. तीन रात्री झाल्या. 'दार लावा' म्हणतेस."

मी म्हटलं, गप्प बसा. ते म्हणाले, "मला फक्त सांग, पाहिलंस की नाही. मी कोणाला सांगायला जात नाहीये. पंच गेला आता माझ्यातला." मी म्हटलं, तुमच्या त्या मोडक्या गोष्टींनीच हे सगळं केलं. ते म्हणाले, "माझ्या गोष्टी पुऱ्या होत्या. मोडल्या तू."

माझा हात सुटला. हातात पितळी तांब्या होता. कपाळावर बसला, डाव्या भुवईच्या वर. आधी नुसती पांढरी रेघ दिसली, मग रक्त, भुवईतून गालावर, गालावरून भाजीत. त्यांनी एक हात डाव्या कानावर ठेवला. कपाळावर नाही, कानावर. एकच राहिलाय ना, तो आधी झाकला.

लग्नाला एकतीस वर्षं झाली, एकमेकांवर हात उचलला नव्हता. चार टाके पडले. डॉक्टरला म्हणाले, "कपाटाचं दार लागलं." मी शेजारी उभी होते.

रविवार, ७ सप्टेंबर

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर भिकार. वाक्यं लहान.

काल शनिवार. तासाला गेले. म्हटलं, उद्या सामना, आज फक्त शुभेच्छा देऊ. मुली बाकांवर बसल्या होत्या. मुंगीची जागा रिकामी. कोणी सरकून ती भरली नव्हती.

डावरी उठली. "बाई, आज तुमची पाळी."

"माझी?"

"सगळ्यांची झाली. तुमची नाही झाली कधी."

मी हसून म्हटलं, माझी चूक म्हणजे तुम्हाला फार लाडावून ठेवलं. कोणी हसलं नाही. कप्तान मागच्या बाकावर होती, भिंतीला टेकून. तिचा चेहरा खडूसारखा.

"त्या बुधवारी तुम्ही दारात होतात," डावरी म्हणाली. "काय पाहिलंत?"

"मी काही पाहिलं नाही. चष्मा नव्हता माझ्याकडे."

डावरी दाराशी गेली आणि कडी लावली. इतक्या सावकाश लावली की मी उठून जाऊ शकले असते. नाही उठले. वर्गातून बाई पळून जात नाहीत, असं काहीतरी डोक्यात होतं.

तिघींनी धरलं. हातांत काय ताकद असते पोरींच्या! मी ओरडले, तुमची शिक्षिका आहे मी. एकजण रडत होती आणि माझं कोपर दाबून धरत होती, दोन्ही एकदम. पर्सचा लॉकर होता, माझाच. पत्रा गार लागला. ह्यांची शिट्टी डावरीच्या गळ्यात होती.

"काय पाहिलंत?"

"काही नाही."

शिट्टी. दार. आधी दुखलं नाही, नुसता पांढरा आवाज झाला. मग दुखलं. दुखलं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं हे तेव्हा कळलं. बाळंतपण दोनदा झालंय माझं, तरी. अंगठ्याजवळचं बोट नखासकट चपटं झालं होतं आणि मी त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचं असल्यासारखी बघत होते.

"काय पाहिलंत, बाई?" डावरीने विचारलं. "मी दार मारलं तेव्हा तुम्ही होतात, तुमची पावलं ऐकली होती मी. मला वाटलं, आता तुम्ही आत याल. मी डोळे मिटून वाट बघत होते. शिट्टी दुसऱ्यांदा वाजली, तिसऱ्यांदा वाजली, तुम्ही आलातच नाही."

"चष्मा..."

शिट्टी. दार.

"पाहिलं!" मी किंचाळले. "पाहिलं, सगळं पाहिलं, तिचा हात पाहिला, कप्तानला पाहिलं, आणि दार लावून घेतलं. मी लावून घेतलं. मला बंदी उठायला हवी होती. मला टाळ्या हव्या होत्या."

त्यांनी मला सोडलं. मी खाली बसले, फरशीवर. बाहेर मावशी दार बडवत होत्या.

मग कप्तान उठली. तिला कोणी हात लावला नव्हता, बाटलीचं कोणी विचारलंही नव्हतं. ती बाकांमधून चालत आली, गुडघ्यांवर बसली आणि उजवा हात स्वतःच लॉकरमध्ये ठेवला. म्हणाली, "बाटली मी मारली. ती हसली होती आम्हाला. भरलेली होती ते मला माहीत होतं."

डावरीने तरीही दार घातलं. सगळं अंग टाकून. मनगटात काहीतरी मोडल्याचं मी ऐकलं. कप्तान तिच्याकडे बघत राहिली, "सांगितलं ना गं" एवढंच म्हणाली.

"मुंगीनेही सांगितलं होतं," डावरी म्हणाली, आणि शिट्टी गळ्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवली. मावशींनी कोचला आणलं. कडी तुटली.

आता एका डोळ्याच्या दोन कबुल्या झाल्या आहेत. दोन्ही त्याच लॉकरपाशी. मुंगीची खोटी हे मला माहीत आहे, ते तिच्या वडिलांमुळे. कप्तानची खरी असावी. ती आपणहून चालत आली. पण कदाचित पाळी येणारच हे दिसत असल्यावर माणूस उठून उभा राहतो, तसंही असेल. मला नाही सांगता येत. ज्या बाईने हे शिकवलं तिलाच सांगता येत नाही.

आज सामना होता. झाला नाही. दुपारी ह्यांना म्हटलं, संघटनेला आणि मोठ्या सरांना कळवायचंय. मी सांगते, तुम्ही लिहा. हे टाके पडलेलं कपाळ घेऊन माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले, म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्याकडे होईल. आपणहून. मी सगळं सांगितलं, टाळ्यांपर्यंत नाही, शेवटपर्यंत. बसच्या मागचं, चमच्याने भरवायचं, मी कापून टाकलं होतं तेही घालायला लावलं. मुंगीला परत घ्या, हे सगळ्यात वर लिहायला सांगितलं. तांब्याचंही लिहा म्हटलं. ते म्हणाले, "ते संघटनेला कशाला?" म्हटलं, लिहा.

मग त्यांनी वाचून दाखवलं. "'सदर शिक्षिकेने दिनांक सहा सप्टेंबर रोजी विद्यार्थिनींसमोर आपली चूक स्वतःहून...'"

ते थांबले. माझ्या प्लास्टरकडे पाहिलं.

"ठेवू?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पेन उचलून धरलं होतं आणि वाट पाहत होते.

"'स्वतःहून' खोडा," मी म्हटलं. "'सांगितली' एवढंच राहू द्या."